रंग हललेली पुस्तकं

ओटीलिया हुदाकला होल्डन फॉल्समधली सगळी पोरं 'तेता' म्हणायची. तेता म्हणजे स्लोवाक बोलीत आत्या, मावशी, जी कोणी असेल ती. तशी ती एकाच मुलीची सख्खी आत्या होती. पण शुक्रवारी छापखान्याचा भोंगा वाजला की नदीच्या पुलावर घोळका करून उभ्या राहणाऱ्या पोरांना नात्याशी काय करायचंय? त्यांचा डोळा तिच्या कोटावर. कोटाच्या आत, पोटाशी घट्ट धरलेली, ताज्या शाईच्या वासाची कॉमिक्स असायची.

"तेता, आज कपितान आहे का?"

"आहे. पण नाक पुसलेल्यांनाच मिळणार."

की लगेच सगळ्यांच्या बाह्या नाकावरून फिरायच्या.

कपितान म्हणजे कॅप्टन हार्बर. अंगात निळा पोशाख, पाठीवर लाल शेला, एका हाताने जहाज उचलणारा आणि दुसऱ्या हाताने चोर पकडणारा. त्या काळी असे उडणारे, भिंती फोडणारे, डोळ्यांनी लोखंड वितळवणारे गडी ढिगाने निघत, आणि त्यातले बरेचसे होल्डन फॉल्सच्या छापखान्यातून बाहेर पडत. ओटीलिया तिथे बांधणी खात्यात होती. छापून, दुमडून आलेल्या पानांचे जुडगे, म्हणजे फर्मे, एकात एक घालायचे आणि पिना मारणाऱ्या मशीनच्या तोंडी द्यायचे, हे तिचं काम. दिवसभर मशीन खटखट करी, आणि संध्याकाळी घरी आल्यावरही तिच्या कानात ती खटखट तशीच चालू राही.

छपाईत कधी एखाद्या रंगाची प्लेट केसभर सरकायची. मग लाल रंग जिथे हवा तिथे न पडता बाजूला पडायचा. कपितानाचे ओठ गालावर जायचे, शेला पाठ सोडून हवेत लोंबायचा. असा माल दुकानात जात नसे. खात्याचा मुकादम ड्वायर तो कोपऱ्यात फेकायला लावी आणि शुक्रवारी म्हणे, "न्या ग बायांनो, चुली पेटवा." बाकीच्या बाया खरंच चुली पेटवत. ओटीलिया मात्र एकेक प्रत चाळून, त्यातल्या त्यात बरी निवडून घेई. पुलावर पोरांना वाटून झाल्या की उरलेली सगळ्यात चांगली प्रत घरी जाई. ती रोझालीची.

रोझाली म्हणजे तिच्या भावाची, श्तेफानची मुलगी. श्तेफानच ओटीलियाला गावाकडून अमेरिकेत घेऊन आला होता, पहिलं महायुद्ध संपल्यावर. तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि तोवर तिने जन्मभर फक्त बदकं राखली होती. श्तेफान ओतकामाच्या भट्टीत लागला. तिथली बारीक वाळू वीस वर्षं छातीत साठत गेली आणि दुसरं महायुद्ध संपायच्या आधीच्या हिवाळ्यात त्याला घेऊन गेली. मागे राहिली त्याची बायको लोरेटा आणि पाच वर्षांची रोझाली. लोरेटा आयरिश, इथेच जन्मलेली, बोलायला फटकळ पण मनाने सरळ. तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये संध्याकाळची पाळी धरली, आणि छापखाना सुटला की पोर आत्याकडे राहू लागली.

ओटीलियाच्या दोन खोल्यांत एक मोठी आरामखुर्ची होती. कोबीचं सूप चुलीवर चढवलं की ती त्या खुर्चीत बसायची, रोझाली तिच्या मांडीवर, आणि मांडीवरच्या मांडीवर कॉमिक. मग ओटीलिया सांगायला लागायची.

"हा बघ कपितान. सकाळी उठला, तोंड धुतलं, भट्टीवर कामाला निघाला. तेवढ्यात हा टकल्या आला. हा कोण? घरमालक. म्हणतो, भाडं काढ. कपितान म्हणतो, छप्पर गळतंय ते आधी बघ."

"आणि ही टोपीवाली बाई?"

"ती त्याची बहीण. ती म्हणते, मेल्या, उडायचं ते उड, पण सहाला घरी ये. सूप गार होतं."

"आणि हा लाल माणूस कोण, त्याच्या बाजूला?"

लाल माणूस कोणी नव्हता. त्या प्रतीत लाल रंग जरा जास्तच सरकला होता, त्यामुळे शेला, पट्टा आणि बूट मिळून कपितानाच्या शेजारी एक अर्धवट आकृती उमटली होती. श्तेफानला पुरून तेव्हा महिनाही झाला नव्हता. ओटीलियाच्या तोंडून निघून गेलं, "हा त्याचा भाऊ."

"तो बोलत का नाही?"

"थोरले भाऊ कमीच बोलतात."

रोझालीला ते पटलं. तिचे बाबाही कमीच बोलत. त्यानंतर ती प्रत्येक नव्या पुस्तकात आधी भाऊ शोधायची. एखाद्या आठवड्यात रंग कमी हलला असेल तर हिरमुसायची. मग ओटीलिया म्हणायची, "आज त्याची रात्रपाळी आहे. झोपला असेल."

खरी गोष्ट अशी होती की ओटीलियाला वाचता येत नव्हतं. ना इंग्रजी, ना स्लोवाक. आकडे कळत होते, म्हणून फर्मे जुळवताना पान चुकत नसे. बाकी जे काही वाचायचं असे ते श्तेफान वाचून दाखवी आणि जिथे सही लागे तिथे तोच हात धरून करवून घेई. चर्चमध्ये ती प्रार्थनेचं पुस्तक उघडून बसे आणि शेजारी बसलेल्या बार्तेकबाईंनी पान उलटलं की आपणही उलटी. श्तेफान सोडून हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि श्तेफानने ते कधी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

सहा डिसेंबरला संत निकोलसचा सण. आदल्या संध्याकाळी मुलांनी बूट पुसून खिडकीत ठेवायचे, सकाळी त्यात भेट मिळते. लोरेटा नाक मुरडायची.

"ओटी, आमच्यात भेटी नाताळलाच देतात."

"तुमच्या घरी नाताळला द्या. माझ्या घरी सहा तारखेला."

त्या दिवसासाठी ओटीलिया वर्षभर निवडून ठेवायची. जाड वार्षिक अंक, ज्यात तीन-तीन वीर एकत्र लढतात, आणि लांबलचक कथेच्या चित्रकादंबऱ्या. त्यांची घट्ट गुंडाळी करून ती बुटात उभी खोचायची. बूट आडवा पडायचा इतकं ओझं. रोझाली पुस्तकं घरी नेत नसे. "इथेच ठेव, तेता. इथेच वाचू," म्हणायची. ती सगळी पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत जात.

शाळेत गेल्यावर रोझालीला अक्षरं लागायला लागली. अक्षरावरून बोट फिरवत ती एके दिवशी थबकली.

"तेता, इथे तर लिहिलंय, 'धावा, बॉम्ब!' आणि तू म्हणालीस तो आईची चौकशी करतोय."

"मग? बॉम्ब दिसल्यावर माणसाला आई आठवणार नाही तर काय?"

रोझाली खो खो हसली. ओटीलियाही हसली, पण त्या संध्याकाळी तिच्या सुपात दोनदा मीठ पडलं.

मुलगी आठ वर्षांची झाली तेव्हा वर्गातल्या पॅट्रिशिया क्विग्लीने तिला वाढदिवसाला भेट म्हणून एक कॉमिक दिलं. औषधांच्या दुकानातून विकत घेतलेलं, कोरं करकरीत. रविवारी जेवायला सगळे ओटीलियाकडे जमले होते. लोरेटा होती, वरच्या मजल्यावरच्या बार्तेकबाई होत्या. रोझालीने ते पुस्तक बशीच्या बाजूला उघडून ठेवलं.

"तेता, यात भाऊ नाहीये."

"मागच्या पानावर असेल."

"कुठ्ठेच नाही. पॅट्रिशिया म्हणते, तुझी पुस्तकं बिघडलेली असतात, म्हणून ती फुकट मिळतात. आणि हे बघ, इथे लिहिलंयच की. त्याला भाऊबिऊ कोणी नाही. वाच ना."

ओटीलियाने हात पुसले. पुस्तक जवळ घेतलं, लांब धरलं.

"चष्मा नाही माझ्याजवळ."

"तू चष्मा लावतच नाहीस."

बार्तेकबाई पावाकडे बघत राहिल्या. रोझालीने आत्याच्या डोळ्यांकडे बघितलं, मग पुस्तकाकडे, मग पुन्हा डोळ्यांकडे. मग तिने विचारलं, अगदी हळू, कुत्सितपणा तर अजिबात नव्हता, "तेता, तुला वाचता येत नाही?"

लोरेटा म्हणाली, "रोझाली, पाव दे इकडे."

"मग आजपर्यंत सांगितलंस ते सगळं खोटं होतं?"

"रोझाली! पाव!"

जेवण कसंबसं उरकलं. निघताना लोरेटा जिन्यात थांबली.

"ओटी, मला सांगितलं असतंस तर..."

"तर काय केलं असतंस?"

लोरेटा एक पायरी उतरून म्हणाली, "श्तेफाननेही कधी सांगितलं नाही मला."

"म्हणून तर तो माझा भाऊ."

त्यानंतर लोरेटा तिच्याशी जास्तच गोड बोलायला लागली. दुकानाची पाटी, बसवरचं नाव, सगळं विचारण्याआधीच वाचून दाखवायची. ओटीलियाला ते रविवारच्या जेवणापेक्षाही जड गेलं. आणि रोझाली मांडीवर बसेनाशी झाली. मोठी झाली होती, हेही खरंच. खिडकीपाशी खाली बसून ती स्वतःच वाचायची, ओठ हलवत, आणि ओटीलिया चुलीपाशी उभी राहून तिचे हलणारे ओठ बघायची.

त्या हिवाळ्यात ओटीलियाने मनाशी काहीतरी ठरवलं आणि सार्वजनिक वाचनालयातल्या प्रौढांच्या वर्गात नाव घातलं. शिकवणारी मिस व्हिटकोंब तिच्या निम्म्या वयाची होती. लहान मुलांच्या बाकात गुडघे अडकायचे, पेन्सिल बोटांत मोडायची. छापखान्यातली शेजारीण फिलोमिना चिडवायची, "काय ग, आता तू शिकून मुकादम होणार आणि आम्हाला ओरडणार? आत्ताच ओरडून घे, सवय होऊ दे."

"ओरडते ना. फि-लो-मि-ना. बघ, लिहूनसुद्धा ओरडता येतं मला."

तसं ते खरं नव्हतं. फिलोमिनाचं नाव तिला लिहिता येत नव्हतं. स्वतःचं येत होतं, आणि आणखी पंधरा-वीस शब्द. थांबा. मदत. काय. नाही. कॉमिकमध्ये सगळी अक्षरं मोठी आणि सरळ असतात, त्यामुळे हे शब्द मशीनवर येणाऱ्या फर्म्यांत तिला सारखे दिसू लागले. पूर्वी हातातून पान सरकायचं तेव्हा नजर माणसांवर जायची. कोण रागावलंय, कोण पळतंय, कोणाचं घर पडलंय. आता नजर आधी माणसांच्या डोक्यावरच्या, त्यांचं बोलणं लिहिलेल्या फुग्यांवर जाऊन अडकायची. थांबा... पुढे काय? मदत... कोणाला? तेवढ्यात पान गेलेलं असायचं. हिवाळा सरत आला तेव्हा छापखान्याने तिची पाळी बदलली आणि वर्ग सुटला. मिस व्हिटकोंबने पुढच्या वर्षी या म्हणून सांगितलं. ती पुढच्या वर्षी गेली नाही.

त्याच सुमारास गावोगाव एक वारं सुटलं होतं. चित्रांच्या पुस्तकांनी मुलं बिघडतात, वाचन सोडतात, चोऱ्या शिकतात, असं फादर प्रवचनात सांगू लागले. रोझालीच्या शाळेतल्या सिस्टर अल्फोन्सांनी मोहीम काढली. मुलांनी घरोघर जाऊन कॉमिक्स गोळा करायची, शनिवारी शाळेच्या पटांगणात त्यांची होळी करायची. ज्या वर्गाची रास मोठी त्या वर्गाला एक सुट्टी, आणि पुढाकार घेणाऱ्याला चांदीचं पदक. रोझाली तोवर अकरा वर्षांची झाली होती, वर्गात वाचनात पहिली. पुढाकार साहजिकच तिच्याकडे आला.

मुलं पुस्तकं गोळा करायला निघाली त्या दुपारी ओटीलिया घरीच होती. दार वाजलं. बाहेर रोझाली, पॅट्रिशिया आणि एका लाल ढकलगाडीला धरून दोन मुलं. गाडीत तळाला थोडीशी पुस्तकं.

"नमस्कार, मिस हुदाक," रोझाली म्हणाली. इंग्रजीत. "वाईट वाचनापासून आमच्या गावातल्या मुलांचं रक्षण करण्यासाठी आम्ही..." आणि पाठ केलेलं सगळं तिने घडाघडा म्हटलं. म्हणताना ती आत्याच्या एप्रनच्या बटणाकडे बघत होती.

मिस हुदाक. ओटीलियाला वाटलं, आपल्या पाठीमागे कोणी दुसरंच उभं आहे.

"थांबा," ती म्हणाली. आत गेली आणि पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढत उंबऱ्यापर्यंत आणली. झाकण उघडलं. पॅट्रिशियाच्या तोंडाचा आ झाला. "बापरे! रोझाली, आपण जिंकलो!"

मुलं भराभर पुस्तकं उचलून गाडीत टाकू लागली. रोझाली वाकली आणि मदत केल्यासारखं करून आत्याच्या कानाशी आली. स्लोवाकमध्ये, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "तेता, सगळी नको देऊ."

ओटीलियाने ते ऐकलं. स्पष्ट ऐकलं. आणि तरीही ती मोठ्याने, आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, "सगळी न्या. सगळी. तुला पदक मिळू दे."

हे तिने मायेने म्हटलं की रागाने, हे तिचं तिलाच कधी कळलं नाही. पुढे कितीतरी वर्षं ती स्वतःला ते विचारत राहिली. दोन्ही असेल. मुलीचं तोंड पांढरं पडलं होतं तेवढं तिला आठवायचं. गाडी जड झाली होती, जिन्यावरून उतरेना, तेव्हा ओटीलियानेच मागून धरली आणि खाली पोहोचवून दिली.

शनिवारी छापखाना अर्धा दिवस चालू होता. बांधणी खात्याच्या खिडकीतून नदीपलीकडे शाळेचं पटांगण दिसतं. आधी नुसता धूर आला, मग त्यात हिरव्या-निळ्या ज्वाळा दिसू लागल्या. शाई जळताना तसा रंग येतो. मुलांच्या गाण्याचा आवाज वाऱ्याबरोबर येत होता. बाया मशीन सोडून खिडकीपाशी जमल्या.

"बरंय की," फिलोमिना म्हणाली. "आपण छापायचं, त्यांनी जाळायचं. आपलं काम कधी संपायचंच नाही!"

सगळ्या हसल्या. ड्वायरही हसला आणि मग ओरडला, "चला, चला, मशीनवर!" ओटीलिया खिडकीपाशी गेलीच नव्हती. फर्म्यात फर्मा घालून पिनांखाली देत राहिली. नव्या अंकात कपितान समुद्रातून गलबत उचलत होता. त्या दिवशी रंग अगदी नेमका बसला होता, खराब प्रत एकही निघाली नाही.

रोझालीला पदक मिळालं. डिसेंबरात तिने नेहमीसारखे बूट खिडकीत ठेवले. सकाळी त्यात संत्री होती आणि अक्रोड होते. तिने संत्री काढली, बुटात पुन्हा एकदा हात घालून बघितला, आणि "थँक यू, तेता," म्हणाली. पुढच्या वर्षी तिने बूट ठेवले नाहीत.

फिलोमिनाचा अंदाज चुकला. काम संपलं. चार-पाच वर्षांत कॉमिक्सवर इतका गहजब झाला की काढणाऱ्या कंपन्या एकामागून एक बुडाल्या. छापखान्यात आधी दुसरी पाळी बंद झाली, मग बांधणी खातंच निम्मं झालं. ज्या घरांतल्या मुलांनी पटांगणात गाणी म्हटली होती, त्याच घरांतल्या आया-मावश्या कामावरून काढल्या गेल्या. याचा कोणी त्याच्याशी संबंध जोडला नाही, निदान मोठ्याने तरी नाही. ओटीलिया इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागली. वाफेत चादरी पिळायच्या. तिथे वाचायचं काही नव्हतं आणि बघायचंही काही नव्हतं.

पुलावरची पोरं मोठी झाली. लोरेटाने रोझालीला घेऊन ओहायोत आपल्या बहिणीजवळ बिऱ्हाड हलवलं. निघताना ती ओटीलियाच्या गळ्यात पडून रडली. रोझाली रडली नाही, पण बसमध्ये चढल्यावर खिडकीच्या खाली न येणाऱ्या काचेशी झटत राहिली, बस सुटेपर्यंत. तिला काय सांगायचं होतं, कोण जाणे. पुढे ती शिकून शिक्षिका झाली, लग्न झालं, मुलगा झाला. नाताळला फोन यायचा, बार्तेकबाईंकडे. बार्तेकबाई जिन्यातून ओरडायच्या, "ओटीलिया! ओहायो!" आणि ही एप्रनला हात पुसत धावायची. बोलणं हवेपाण्याचं व्हायचं.

मुलगा पाच वर्षांचा झाला तेव्हा एका उन्हाळ्यात रोझाली त्याला घेऊन भेटायला आली. ग्लेन त्याचं नाव, गुडघ्यांना खरचटलेला, सतत प्रश्न विचारणारा. ते येणार म्हणून ओटीलिया औषधांच्या दुकानात गेली. तोवर कॉमिक्सना पुन्हा दिवस आले होते. मांडणीवर नवे वीर होते, तिच्या ओळखीचं कोणी नव्हतं. बऱ्याच वेळाने तिने एक निवडलं, त्यात उडणारा माणूस होता म्हणून. जन्मात पहिल्यांदाच तिने कॉमिक विकत घेतलं.

ग्लेनने ते दोन्ही हातांनी धरलं. "माझं? कायमचं?"

"कायमचं."

"मग वाच ना!"

तो खुर्चीशी आला आणि कोणी न सांगता तिच्या मांडीवर चढून बसला. रोझाली सिंकपाशी बशा पुसत होती. तिचा हात थांबला. ओटीलिया म्हणाली, "तुझी आई वाचेल. ती मास्तरीण आहे."

रोझालीने फडकं खाली ठेवलं. तिच्याजवळ आली, जमिनीवर बसली, आणि इतक्या वर्षांनी स्लोवाकमध्ये बोलली. शब्द अडखळत आले. "तेता, तू सांग ना. पूर्वी सांगायचीस तसं. त्याला तुझ्याच तोंडून ऐकू दे."

"ते खोटं होतं ना?"

"मी आठ वर्षांची होते, तेता."

"हो," ओटीलिया म्हणाली. "आठचीच होतीस."

तिने पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर उंच इमारतीवरून एक माणूस झेपावत होता, खाली गर्दी वर बघत होती. तिने नीट बघितलं. माणसाच्या डोक्यावर फुगा होता. त्यात 'मदत' होतं, 'नाही' होतं, मधले शब्द लागत नव्हते. तिने डोळे फुग्यावरून ओढून माणसावर आणले. ते पुन्हा फुग्याकडे गेले. माणसाचा चेहरा चांगला होता, तरुण होता. तो कुठे निघालाय, घरी कोण वाट बघतंय, सकाळी काय खाऊन निघाला, यातलं काहीएक त्या चेहऱ्यावर दिसेना. पान नुसतं पान होतं. मांडीवरचं पोर वाट बघत होतं.

"हा माणूस," ती म्हणाली. "हा माणूस... उडतोय."

"ते दिसतंय मला," ग्लेन म्हणाला. "मग पुढे?"

ओटीलियाने मान हलवली. "आता नाही येत ग मला," ती रोझालीला म्हणाली. "मुद्दाम नाही करत. खरंच येत नाही."

रोझालीने आत्याच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं आणि तशीच बसून राहिली. ग्लेन एकदा आईकडे, एकदा आजीसारख्या दिसणाऱ्या त्या बाईकडे बघत राहिला, मग कंटाळून उतरला आणि खिडकीतून गाड्या मोजायला गेला.

संध्याकाळच्या बसने ती दोघं परत गेली. नंतर एकदा येतो म्हणाली, आणि आलीही, पण ते इस्पितळात, ओटीलियाला कोणी ओळखू येत नव्हतं तेव्हा. मार्चमध्ये ती गेली. बर्फ वितळून कबरस्तानाच्या वाटेवर नुसता चिखल झाला होता.

नवीन फादर तरुण होते, गावाबाहेरचे. प्रार्थनेआधी त्यांनी रोझालीला बाजूला घेऊन विचारलं, "दोन शब्द बोलायचेत मला. त्या काय करायच्या?"

"छापखान्यात होती."

"काय छापायचे तिथे?"

रोझाली क्षणभर अडखळली. "मुलांची पुस्तकं," ती म्हणाली. "ती मुलांना पुस्तकं वाटायची. भेट म्हणून."

आणखी सांगायला तिने तोंड उघडलं होतं, पण घंटा वाजायला लागली. फादरांनी प्रवचनात सांगितलं की आपल्या या भगिनीने आयुष्यभर लहान मुलांच्या हाती चांगलं वाचन दिलं. मागच्या बाकावर फिलोमिना आणि बांधणी खात्यातल्या आणखी दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. चांगलं वाचन म्हटल्यावर त्यांनी एकमेकींकडे बघितलं. एकीला हसू आवरेना, तिने रुमाल तोंडात कोंबला. फिलोमिनाने तिला कोपराने ढोसलं, आणि मग स्वतःच डोळे पुसायला रुमाल शोधू लागली. तो काही तिला सापडेना.